औषधाच्या वेष्टनावरील बॅच क्रमांक

औषधाच्या वेष्टनावर किंमत कोठे छापली आहे, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असते. मुदत संपण्याची तारीखही पुष्कळजण पाहतात. परंतु तिच्याच शेजारी असणाऱ्या बॅच क्रमांकाकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. धर्मादाय औषध-केंद्र चालविणाऱ्यांनी व तेथून औषध नेणाऱ्या कुटुंबांनी तो क्रमांक ओळखावा, एवढ्यासाठी हा लेख.

बॅच म्हणजे एका वेळी, एकाच मिश्रणातून तयार झालेला माल. गृहिणी चकल्यांचा एक घाणा म्हणतात, तसाच हा प्रकार. एक घाणा करपला म्हणून सारे पीठ वाईट ठरत नाही. मात्र करपलेला घाणा कोणता, हे सांगता आले पाहिजे. चकली चाखून पाहता येते, औषधाचे तसे नाही. डायएथिलीन ग्लायकॉल हा कारखान्यांत वापरला जाणारा पदार्थ दिसायला ग्लिसरीनसारखाच दाट, रंगहीन आणि चवीलाही गोड. पोटात गेल्यावर मात्र तो मूत्रपिंडे निकामी करतो. डोळ्याने वा जिभेने हा भेद कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो.

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच घडले. मेंदूवरील किंवा डोळ्यातील दाब उतरावा म्हणून रोग्यांना जे ग्लिसरीन दिले गेले, त्यात हे विष मिसळलेले होते. चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील ढिलाई उघड झाली. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ही कथा, तर आपल्या चार कपाटांच्या औषध-केंद्राने किती जपावे!

याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे गेली होती. त्यावेळी तेथील सरकारी निरीक्षकांनी दुकानांच्या विक्री-नोंदी व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळून उरलेला बहुतेक माल परत मिळविला. जेथे नोंद होती, तेथे बाटली सापडली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मरण पावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास नेले होते. त्यावेळी आपल्या तेलंगणाच्या औषध नियंत्रण खात्यानेही जाहीर सूचना काढली. तीत औषधाच्या नावाबरोबर बॅच क्रमांकही दिला होता : एसआर-१३. ज्याच्या घरी बाटली शाबूत होती, त्याला तो ताडून पाहता आला असेल. ज्याने वेष्टन फेकले व पावतीच घेतली नाही, त्याने काय करावे?

म्हणून केंद्रासाठी घाऊक खरेदी करताना परवानाधारक विक्रेत्याकडूनच माल घ्यावा आणि बिलावर प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक असल्याखेरीज तो कपाटात ठेवू नये. जामबागेतून कोठीचे घाऊक औषधविक्रेते हाकेच्या अंतरावर आहेत. जाऊन बिल दुरुस्त करून आणणे काही अवघड नाही. बिनबिलाची सवलत कितीही मोठी असो, ती नाकारावी. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीवाचून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देता येत नाही. केंद्र फुकट औषध देते म्हणून ही अट सैल होत नाही. काही प्रतिजैविके, क्षयाची व झोपेची औषधे २०१४ पासून एच-१ या परिशिष्टात आहेत. ती कोणत्या रोग्यास, कोणाच्या चिठ्ठीवरून व किती दिली, याची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते.

पाकिटातील चारच गोळ्या द्यावयाच्या असल्या, तर क्रमांक व तारीख छापलेली बाजू शेवटपर्यंत राखून कात्री चालवावी, आणि नेणाऱ्याच्या पावतीवर क्रमांक लिहावा. ही साधी गोष्ट, पण गर्दीच्या वेळी नेमकी हीच राहून जाते.

आता जरा नाजूक विषय. ईद-दिवाळीच्या आधी घरे झाडली जातात आणि उरलेल्या गोळ्यांची पुडकी दान म्हणून केंद्रात येतात. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, तरी माझ्या मते ती घेऊ नयेत. दात्याचा रुसवा पत्करावा. ज्या गोळीवर ३० अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवा असे छापले आहे, ती हैदराबादच्या मे महिन्यात खिडकीपाशी होती की कपाटात, हे कोण सांगणार? शिवाय अर्ध्या पाकिटावर क्रमांक नसतो. उर्दूतील 'अमानत' आणि मराठीतील 'अनामत' हे मुळात एकच शब्द. गरजूच्या हाती आपण देतो ते औषध त्याच जातीचे असते. दान करावयाचे असेल, तर पैसे द्यावेत.

इन्सुलिनची निगा वेगळी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. केंद्राच्या शीतकपाटात तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा आणि वीज गेली असता कपाटाचे दार उघडू नये.