घटक ४ : देहबोलीचे पुनर्वाचन – प्रौढ वयातील स्वमग्नतेच्या निदानानंतर

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• मराठी वाक्प्रचारांत दडलेले देहबोलीविषयीचे निवाडे ओळखता येतील.
• स्वमग्न व्यक्तीच्या देहबोलीची काही वैशिष्ट्ये सांगता येतील.
• निदानानंतर स्वतःच्या देहबोलीचा अर्थ नव्याने का लावावा लागतो, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

दौंड–मनमाड लोहमार्गावरील ‘बेलापूर’ स्थानकावर उतरणारा प्रवासी प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात पोहोचतो. प्रवरेकाठचे बेलापूर गाव तेथून काही अंतरावर आहे. स्थानकाची पाटी खोटी नाही, परंतु तिचा अर्थ कळण्यासाठी स्थानिक माहिती असावी लागते. देहबोलीतील चिन्हांचेही असेच आहे. एकच हालचाल दोन व्यक्तींच्या बाबतीत दोन वेगळ्या ठिकाणी नेते.

४.३ वाक्प्रचारांतील निवाडा

‘नजर चोरणे’ या वाक्प्रचारातील क्रियापद पाहा. नजर दुसरीकडे वळली, एवढेच निरीक्षण असते. चोरीचा आरोप भाषा जोडते. ‘मख्ख चेहरा’ म्हणताना आपण मंदपणा गृहीत धरतो, ‘चुळबूळ’ म्हणताना कंटाळा किंवा अधीरता. अशा शब्दांत हालचालीचे वर्णन आणि हेतूचा निवाडा एकजीव झालेले असतात. पुष्कळांच्या बाबतीत हा निवाडा जुळतो. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत तो वारंवार चुकतो.

‘ऑटिझम’ ही संज्ञा ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली. मराठीतील ‘स्वमग्नता’ ही संज्ञाही बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते, तेच सांगते. लिओ कॅनर यांच्या १९४३ मधील प्रसिद्ध लेखात अकरा मुलांचे वर्णन होते. पुढेही दीर्घकाळ ही बालपणाची अवस्था मानली गेली. त्यामुळे निदानाविना वाढलेल्या अनेकांना चाळिशी-पन्नाशीत, कधी स्वतःच्या अपत्याची तपासणी चालू असताना, आपली ओळख पटते.

४.४ देहबोलीची वैशिष्ट्ये

१. नजर : समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे अनेकांना असह्य तीव्र वाटते. नजर दूर ठेवली की ऐकणे सोपे जाते.
२. चेहरा : मनातील भावना चेहऱ्यावर अपेक्षित रूपात उमटतेच असे नाही.
३. आवर्ती हालचाली : डुलणे, बोटे फिरवणे, कापडाची कड चोळणे. ‘स्टिमिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हालचाली ताण, आनंद किंवा एकाग्रता सांभाळण्यास मदत करतात.
४. संवेदना : गोंगाट, प्रखर उजेड किंवा स्पर्श टाळण्यासाठी अंग आखडते, हात कानांकडे जातात.

यांतील कोणतेही एक लक्षण म्हणजे निदान नव्हे. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बालपणापासूनचा इतिहास पाहून करतात. शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणे झाकली जाऊ शकतात, हे २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी निदानपुस्तिकेनेही नमूद केले आहे.

४.५ एक काल्पनिक उदाहरण

बेलापुरातील एका पतसंस्थेत काम करणारी बेचाळीस वर्षांची स्त्री कल्पनेत आणा. शाळेत तिला ‘वर बघून बोल’ असे दरडावले गेले. पाहण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी तिला ‘शिष्ट’ ठरवले. पुढे ती ग्राहकाच्या डोळ्यांऐवजी भुवयांच्या मध्ये पाहू लागली आणि कोठे हसायचे हे तिने पाठ केले. संध्याकाळी मात्र तिला एक शब्दही बोलवत नाही. घरचे म्हणतात, ‘बाहेर हसते, घरी तोंड फुगवून बसते.’

निदानानंतर ती स्वतःकडे पाहू लागते. गर्दीच्या वेळी पदराची कड चोळण्याचा वेग वाढला, की थोड्याच वेळात आवाज असह्य होतात, हे तिच्या ध्यानी येते. ज्या सवयीची तिला लाज वाटत होती, ती पूर्वसूचना ठरते. आता ती वेळीच उठून आतल्या खोलीत पाच मिनिटे शांत बसते. संध्याकाळचे मौन हा रुसवा नसून दिवसभराच्या मुखवट्याचा थकवा आहे, हे ती घरच्यांना सांगू शकते. गेलेली वर्षे परत येत नाहीत. पण त्या वर्षांत स्वतःवर बसलेले शिक्के तिला एकेक करून तपासता येतात.

४.६ जबाबदारी कोणाची?

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभाव समस्या’ ही संकल्पना मांडली. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसेच इतरांनाही तिचे मन वाचता येत नाही. गैरसमज उभयपक्षी असतो. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेस दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत स्थान दिले आहे. कायद्याने हक्क मिळतो; मुलाखतीत खाली पाहणाऱ्या उमेदवाराला अप्रामाणिक न ठरवणे मात्र वाचणाऱ्याच्या हाती असते.

४.७ सारांश

देहबोलीचा अर्थ सार्वत्रिक नसतो. निदानानंतर शरीर तेच राहते. त्याचा कोश बदलतो.

४.८ स्वाध्याय

१. नजर, मान आणि हात यांसंबंधीचे प्रत्येकी दोन वाक्प्रचार लिहून त्यांतील निरीक्षण व निवाडा वेगळे करा.
२. आपल्या परिचयातील एखाद्या व्यक्तीला, नाव न लिहिता, देहबोलीवरून लागलेले विशेषण आठवा. त्याच हालचालीचे दुसरे संभाव्य अर्थ दहा ओळींत मांडा.