आवाज आणि तसबीर

सिनेमातले तुमच्या आवडीचे एखादे गाणे मनात म्हणून पाहा. गाण्याबरोबर डोळ्यांपुढे काही दिसू लागते ना? कोणी पावसात भिजत असते, कोणी आगगाडीच्या दारात उभे असते. गाणे तर कानांनी ऐकायचे. मग हे चित्र आले कोठून?

पूर्वी आपल्याकडचे चित्रपट मुके होते. पडद्याजवळ बसून वादक पेटी-तबला वाजवत. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि पडद्यावरची माणसे स्वतःच बोलू-गाऊ लागली. पुढे १९३३ मध्ये 'प्रभात फिल्म कंपनी' कोल्हापूर सोडून पुण्याला आली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचे बोधचिन्ह. आहे ते चित्रच. पण पाहताच जणू तुतारी ऐकू येते!

या कंपनीत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोन मित्र होते. फत्तेलाल चित्रकार. त्यांना सगळे 'साहेबमामा' म्हणत. चित्रपटासाठी घरे, देवळे, गावे उभी करणे हे त्यांचे काम. दामले आवाजाचे मुद्रण सांभाळत. एकाकडे डोळा, दुसऱ्याकडे कान, असे म्हणा ना! दोघांनी मिळून १९३६ साली 'संत तुकाराम' हा चित्रपट दिग्दर्शित केला. संगीत केशवराव भोळे यांचे होते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या मराठी चित्रपटाचा गौरव झाला.

तुकाराम महाराज सतराव्या शतकातले. त्यांचे छायाचित्र असणार कसे? पण विष्णुपंत पागनीस यांनी ती भूमिका केली, अभंगही स्वतःच गायिले. त्यानंतर तुकाराम म्हटले, की कित्येकांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचाच चेहरा येऊ लागला.

कानांचीही अशीच गंमत झाली. या चित्रपटातले एक गाणे तुकारामांचे नाही. शांताराम आठवले या कवीने तुकारामांच्या गाथेचा अभ्यास करून, त्याच वळणाने ते लिहिले. पागनीस ते गात असताना मात्र शंका येत नाही. समोर तुकाराम दिसतात, म्हणून शब्दही त्यांचेच वाटतात. अनेकांनी तो खरा अभंग मानला.

प्रभातचा तो स्टुडिओ पुण्यात अजून आहे. १९६० साली तेथे चित्रपटांचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. चित्र कसे टिपावे आणि आवाज कसा मुद्रित करावा, या दोन्ही गोष्टी तेथे शिकवतात.