फेरेट : एक चिमुकला सोबती

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बटेव्हिया येथे १९७१ साली एका मोठ्या प्रयोगशाळेची उभारणी चालू होती. अणूच्या अंतरंगाचा शोध घेण्यासाठी तेथे धातूच्या लांबच लांब नळ्या बसविल्या जात होत्या. नळीत धातूचा थोडासा कीस राहिला, तरी प्रयोग फसण्याचे भय होते. परंतु इतक्या अरुंद नळीत कोणाचा हात पोचणार? तेव्हा एका अभियंत्याने एक विलक्षण उपाय सुचविला आणि त्याप्रमाणे पंधरा इंच लांबीची एक फेरेट मादी विकत आणण्यात आली. तिचे नाव फेलिशिया. पट्ट्याला दोरी बांधून तिला नळीत सोडले, की ती अंधारातून धावत दुसऱ्या टोकाशी बाहेर पडे. मग त्या दोरीला ओला बोळा बांधून ओढला, म्हणजे नळी स्वच्छ होई. मात्र सुमारे चार मैल लांबीच्या मुख्य नळीत शिरण्याचे फेलिशियाने साफ नाकारले! अखेर तिला सुमारे तीनशे फुटांच्या नळ्यांचे काम देण्यात आले आणि ते तिने चोख बजावले. धिटाई आणि हट्ट हे दोन्ही गुण फेरेटच्या अंगी असे एकत्र नांदतात.

फेरेट दिसावयास पुष्कळसा आपल्याकडील मुंगसासारखा असतो. तेच लांबट, लवचीक अंग, तेच आखूड पाय. परंतु मुंगसाचे कुळ निराळे. फेरेटचा खरा भाऊबंद म्हणजे आपल्या नद्यांतून राहणारे पाणमांजर. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून मनुष्याने फेरेट माणसाळविला. ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची तरी असावी. स्पेनजवळील बेटांत सशांनी शेते उद्ध्वस्त केली, तेव्हा तेथील लोकांनी रोमचा सम्राट ऑगस्टस याच्याकडे सैन्याची मदत मागितली, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. सशांना बिळांतून हुसकावण्यासाठी तोंडाला मुसके बांधलेले प्राणी आत सोडत, असे वर्णन स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने केले आहे. हे प्राणी फेरेटच असावेत, असे मानले जाते. फेरेट या नावाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘चोर’ या अर्थाच्या शब्दात आहे.

हे नाव त्यास शोभतेही. घरातील मोजे, किल्ल्या, खेळणी, जे हाती लागेल ते ओढून नेऊन एखाद्या कोपऱ्यात दडविण्याची त्याला मोठी हौस. दिवसाचे चौदा-पंधरा तास तो गाढ झोपतो. पण जागा झाला, की घर डोक्यावर घेतो. आनंदाच्या भरात पाठीची कमान करून तो आडव्या उड्या मारतो आणि कुकूसारखा आवाज काढतो. तो केवळ मांसाहारी असून त्याच्या अंगास उग्र दर्प येतो. त्याचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते. लहानपणापासून मायेने हाताळले, तर तो माणसाचा लळा धरतो. दुर्लक्ष झाले, तर चावतो.

फेरेटचे मनुष्यावर एक मोठे ऋणही आहे. इन्फ्लुएंझाचा ताप कशामुळे येतो, याविषयी शास्त्रज्ञांत पूर्वी मतभेद होते. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या संशोधकांनी रोग्यांच्या घशातील द्रव गाळून फेरेटच्या नाकात घातला. फेरेटना ताप आला, शिंका येऊ लागल्या आणि हा रोग विषाणूमुळे होतो, हे सिद्ध झाले. पुढे एका आजारी फेरेटच्या शिंकेमुळे एका संशोधकालाच तो ताप आला! म्हणूनच घरात कोणाला हा ताप आला असता फेरेटला दूर ठेवावे लागते.

परंतु या प्राण्याच्या इतिहासात एक दुःखद प्रकरणही आहे. न्यूझीलंडमध्ये वसाहतवाल्यांनी ससे नेले. ते बेसुमार वाढले. त्यांच्या नाशासाठी १८८० नंतरच्या काळात हजारो फेरेट रानात सोडण्यात आले. पक्षिशास्त्रज्ञांनी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती. तिकडे कोणी लक्ष दिले नाही. त्या देशातील किवी व वेका हे पक्षी उडू शकत नाहीत आणि असा शत्रू त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ते फेरेटच्या तोंडी सापडू लागले. शेवटी २००२ साली तेथे फेरेटची विक्री व पैदास यांवर बंदी घालावी लागली. यात अपराध फेरेटचा नव्हता. शिकार करणे हा त्याचा स्वभावच होता आणि त्याच स्वभावासाठी माणसाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या वाढविले होते. ज्याला जेथे नेले, तेथील जीवसृष्टीचे काय होईल, हा विचार करणे माणसाचे काम होते.

आज युरोप-अमेरिकेत फेरेट बिळांतून शिकार करण्यापेक्षा घरात सोबती म्हणून अधिक आढळतो. तो मांजराप्रमाणे स्वतःचा स्वतः राहू शकत नाही; रोज काही तास मोकळे खेळणे आणि माणसाची नजर त्याला हवी असते. प्राणी घरी आणणे सोपे आहे. त्याचा स्वभाव ओळखून त्याला जन्मभर सांभाळणे हेच खरे प्राणिप्रेम होय.

स्वाध्याय
१. फेलिशियाने कोणते काम केले व कोणते नाकारले?
२. फेरेटला ‘चोर’ हे नाव का शोभते?
३. न्यूझीलंडमध्ये जे घडले, त्यात दोष कोणाचा? सकारण लिहा.