कुत्र्यांच्या घराला आधी ऊब का?

प्रश्न : इंग्लंडमध्ये गुडवूड इस्टेटीवर शिकारी कुत्र्यांसाठी देखणी इमारत आहे आणि मालकाच्या वाड्याआधी तिच्या खोल्या गरम करण्याची सोय झाली, असे वाचले. खरे आहे का? एवढा लाड कशासाठी?
— एक वाचक, कणकुंबी (ता. खानापूर)

उत्तर : खरे आहे. ससेक्समधले हे श्वानगृह रिचमंडच्या तिसऱ्या ड्यूकने १७८७ मध्ये जेम्स वायट या वास्तुविशारदाकडून बांधून घेतले. वाड्यात तशी सोय व्हायला पुढे सुमारे शंभर वर्षे लागली. पण याला लाड म्हणणे मला पटत नाही.

आधी इमारत कशाला, ते पाहू. आपल्याकडचा मुधोळ कुत्रा नजरेने शिकार करतो, एकटादुकटा धावतो आणि धनगराच्या वाड्यावरही सुखाने राहतो. तिथला फॉक्सहाउंड, म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीचा कुत्रा, वासावरून माग काढतो आणि तोही कळपाने. कळपाने एकजुटीने धावायचे तर त्याला एकत्र राहण्याची, एकत्र खाण्याची सवय हवी. म्हणजे डझनावारी कुत्री एका छपराखाली आली.

आता ऊब. तुमच्याकडे पावसाळ्यात कपडे दिवसदिवस वाळत नाहीत, चुलीच्या वर दोरीवर टाकावे लागतात. तिथली अडचण हीच होती. कोल्ह्याच्या शिकारीचा हंगाम ऐन थंडीतला. कुत्री संध्याकाळी चिखलाने भिजून परतत. तशीच गार फरशीवर झोपली तर सांधे आखडत, कुत्री लंगडू लागत. जुने शिकारी त्याचा दोष श्वानगृहातल्या ओलीला देत. म्हणून ऊब हवी होती ती अंग सुकवायला.

खोलीत शेकोटी असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नव्हते. कुत्र्यांच्या अंथरुणाला पेंढा असे. ठिणगी पडली तर सारेच संपले. आग बाहेरच्या बाजूला पेटवीत. तिने लोखंडी पत्रे तापत आणि पत्र्यांनी आतली हवा.

ओलीची ही धास्ती एकट्या ड्यूकची नव्हती. पीटर बेकफर्ड यांनी १७८१ च्या ‘थॉट्स ऑन हंटिंग’ या पुस्तकात कुत्र्यांसाठी दोन खोल्या सुचवल्या. एकच असेल तर ती धुतल्यावर कुत्र्यांना ओल्या जागेतच राहावे लागते. दुसरी असली की पहिली निवांत वाळते. मला ही युक्ती शेगडीपेक्षाही मोलाची वाटते, कारण ती कमी खर्चाची आहे आणि आपल्या गोठ्यालाही लागू पडते.

इमारतीचा देखणेपणा मात्र कुत्र्यांसाठी नव्हता. आपला शिकारखाना पाहुण्यांना दाखवण्यात उमरावांना अभिमान वाटे. आज त्या इमारतीत गुडवूडच्या क्लबचे सभासद बसतात.