कुंपणाला कात्री कधी?

मुलांनो, बाग नव्याने करायला कामगार बोलवायचे, तर आधी दिनदर्शिका पाहू या. आयर्लंडच्या १९७६ च्या वन्यजीव कायद्यात २००० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार, काही अपवाद सोडून, १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण (तारेचे नव्हे, झाडांचे!) तोडता येत नाही, कारण तेव्हा पक्ष्यांची पिल्ले घरट्यात असतात. ठेकेदार मे महिन्यात येणार असेल, तर त्याच्याकडून वाफे खणून घेऊ, फरशी बसवून घेऊ. कुंपणाचे काम सप्टेंबरात. पालकहो, घरापुढे पाणी न मुरणारी फरशी परवानगीशिवाय २५ चौरस मीटर किंवा निम्मे अंगण, यांत जे कमी त्याच्या आतच बसवावी.

घरटे शोधायला फांद्या हलवू नका. चोचीत अळी घेऊन ब्लॅकबर्ड कुठे शिरतो, ते खिडकीतून पाहा. बागेच्या नकाशावर तिथे फुली मारा आणि नकाशा ठेकेदाराला द्या.