नकळत पडणारा फरक

'शिक्षकाला सर्व विद्यार्थी सारखेच' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक शिक्षक ते मनापासून मानतातही. मग एकाच वर्गात एकाला उत्तेजन मिळते व दुसरा मागे पडत जातो, असे का व्हावे? उघड पक्षपात दिसतो, त्याविरुद्ध बोलता येते. पण आडनाव, बोली, पोशाख यांवरून मनात आधीच बसलेला ग्रह नकळत काम करीत असतो. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांचा 'पिग्मेलियन इन द क्लासरूम' हा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत त्यांनी सुमारे २० टक्के मुले केवळ यदृच्छेने निवडली आणि 'ही मुले यंदा चमकतील' असे शिक्षकांना सांगितले. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील अशा मुलांची बुद्धिमापनातील प्रगती इतरांहून अधिक दिसली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. अपेक्षेचा परिणाम वाटला होता तेवढा मोठा नसतो, असे नंतर आढळले. पण तो नसतोच, असे मात्र ठरले नाही.

ही अपेक्षा मुलापर्यंत पोचते कशी? १९७० च्या दशकात मेरी बड रो यांनी दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ज्यांना ते कच्चे समजतात त्यांच्यासाठी त्याहूनही कमी. तीन सेकंद थांबले, तर मागे राहणारी मुलेही बोलू लागतात.

हे वाचले तेव्हा मला माझीच शाळा आठवली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरची बोली मनातल्या मनात पुस्तकी भाषेत बसवून मगच तोंड उघडायचे, अशी सवय. त्याला एक सेकंद पुरत नाही. तेवढ्यात 'बस खाली' असे होई. हुशार गणलेल्या मुलाला मात्र 'आठव, येतंय तुला' असा धीर मिळे. गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हते. म्हणूनच तो फरक त्यांनाही दिसला नाही.

आपल्या देशातील एक अभ्यास अधिक विचार करावयास लावणारा आहे. रेमा हॅना व ली लिंडन यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला. उत्तरपत्रिकांवर मुलाची जात, लिंग व वय यदृच्छेने लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची समजली जाणारी जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. विशेष म्हणजे, हा फरक मुख्यतः त्याच थरातून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला!

शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. ती रास्तच होती. परंतु केवळ आपल्यातला शिक्षक आला म्हणजे काम संपले, असे नाही. समाजाने शिकविलेला ग्रह आपल्याही मनात घर करतो. माझ्या वर्गातील अनेक जण उद्या शिक्षक होतील. म्हणून हा प्रश्न आमचाही आहे.

यावर केवळ सद्भावना पुरत नाही, शिस्त लागते. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो. वर्गातील चाचणीलाही तसेच करता येईल. सर्वांचा पहिला प्रश्न तपासून मगच दुसऱ्याकडे वळावे. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजावेत. आज कोणाला विचारले, याची हजेरीपटावर बारीक खूण करावी. महिनाभराने त्या खुणा पाहिल्या, की आपली नजर कुठे जाते व कुठे जात नाही, हे आपले आपल्यालाच कळेल.

यांपैकी एकाही उपायाला पैसा लागत नाही. आमच्या प्राध्यापकांनी यांतील एखादा करून पाहावा, आणि उद्या शिक्षक होणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी आजच ध्यानात ठेवावा, एवढीच विनंती.