उपचारपुस्तिका, तीन संगणक आणि एक ‘म्यू’

उपचारपुस्तिका वारंवार सुधारावी लागते. ती एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून तीतूनच संकेतस्थळ व पीडीएफ काढण्याची सोय ‘पॅनडॉक’ ही मुक्त आज्ञावली देते. २००६ मध्ये ती प्रसिद्ध करणारे जॉन मॅकफार्लेन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे विशेष!

विंडोज, मॅक वा लिनक्स, पॅनडॉक कोठेही सहज बसते. अडते ते पीडीएफपाशी. त्यासाठी सहसा ‘टेक’ ही अक्षरजुळणी-प्रणाली निराळी बसवावी लागते व देवनागरीकरिता टंकाचे नाव द्यावे लागते. विंडोजवर ‘निर्मला’ असतो, मॅकवर ‘कोहिनूर’. त्यामुळे एका यंत्रावर चाललेली फाइल दुसऱ्यावर अडते. याहून घातक प्रकार म्हणजे, टंकात एखादे चिन्ह नसल्यास काम थांबत नाही. केवळ इशारा उमटतो आणि चिन्ह गळते. मायक्रोग्रॅमच्या संक्षेपातील ग्रीक ‘म्यू’ गळाला, की मात्रा ग्रॅममध्ये वाचली जाणार.

यास्तव ‘नोटो’सारखा मुक्त टंक मजकुराच्याच फोल्डरात ठेवावा आणि त्याचा निर्देश नावाने न करता फाइलीने करावा. सर्व साधने एकत्र बांधून देणारा ‘डॉकर’ (२०१३) आहे खरा. परंतु विंडोज व मॅकवर त्याखाली आभासी लिनक्स चालते, जुना संगणक त्याने मंदावतो. लहान संस्थेस २०२३ मध्ये खुली झालेली ‘टिप्स्ट’ अधिक सोयीची. ती एकाच फाइलीत मावते व पॅनडॉकला टेकऐवजी चालते. छपाईपूर्वी मात्रांचे कोष्टक मूळ मजकुराशी डोळ्यांनी ताडून पाहावेच.